दुसरी खेप: पहिली अवघड गेल्यावर

पहिल्यांदा बाळंत होणारी ती पहिलटकरीण. तिचं बाळंतपण माहेरी करायचं, तिला डोहाळजेवण घालायचं, सव्वा महिना तिला कामाला हात लावू द्यायचा नाही, हे सगळं त्या एका शब्दात आलं. पुढच्या वेळी मात्र ‘दुसरी खेप आहे’ एवढं म्हणून घर निर्धास्त होतं. रस्ता पायाखालचा झाला, आता काळजी कसली, असा त्यामागचा हिशेब. पण पहिल्या खेपेत बीपी वाढून आठव्या महिन्यातच सिझेरियन करावं लागलं असेल, बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, किंवा रक्तस्राव थांबेना म्हणून घरचे रात्री रक्तपेढीकडे धावले असतील, तर पायाखालच्या त्याच रस्त्याची भीती वाटते.

तांबड्या समुद्राकाठच्या यान्बूत राहणाऱ्या मराठी घरांसाठी हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड आहे. १९७५ साली सौदी सरकारने जुबैल आणि यान्बू यांच्यासाठी शाही आयोग नेमला. जुन्या बंदराशेजारी औद्योगिक शहर उभं राहिलं आणि तेलशुद्धीकरण व पेट्रोकेमिकलच्या कारखान्यांमागे परदेशी कामगार-इंजिनिअर आले. महाराष्ट्रातून आखातात गेलेल्यांत रत्नागिरी-रायगडची कोकणी मुसलमान घरं आहेत, तशी मुंबई-पुण्याकडचीही आहेत. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि दुसरं नवऱ्याच्या घरी, म्हणजे इथे यान्बूत. म्हणजे जे बिघडलं ते एका देशात, त्याचे कागद त्याच देशातल्या कपाटात, आणि ते पुन्हा बिघडू नये म्हणून तपासणारा डॉक्टर दुसऱ्या देशात.

पहिली खेप अवघड गेलेल्या बाईने दुसरीचा विचार करावा का, कधी करावा आणि काय तयारीने करावा, यावर वैद्यकशास्त्र आज कुठे उभं आहे आणि जाणत्यांचे मतभेद कुठे उरले आहेत, त्याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे तो घाव होता. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो हिंदू आर्यांमधल्या प्रसूतिशास्त्राचा. त्या काळी घरोघरी पहिल्या बाळंतपणात काय बिघडलं याला नाव नव्हतं. नशीब, दृष्ट किंवा पोटातला वारा यांपैकी कुणाच्या तरी माथी ते जायचं. नावच नाही म्हटल्यावर दुसऱ्या वेळची तयारी तरी कशाची करणार?

विसाव्या शतकात एकेका संकटाला नाव मिळत गेलं. त्यातलं एक काम मुंबईत झालं. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्याकडे चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येताच, पुन्हा पुन्हा गर्भ गमावणाऱ्या बायका येत. गर्भाशयाचं तोंड वजन पेलत नाही आणि आपोआप उघडतं, हे कारण धरून त्यांनी १९५५ साली ते तोंड बांधून ठेवणारा टाका प्रसिद्ध केला. ‘शिरोडकर टाका’ आज जगभर त्याच नावाने ओळखला जातो. आधीच्या खेपेत काय घडलं ते नीट ऐकून पुढच्या खेपेचा उपाय ठरवायचा, ही रीत त्या टाक्यात स्पष्ट दिसते.

आधी काय झालं होतं, त्यावर सगळं

‘पहिली खेप अवघड’ हे वर्णन घरगुती बोलण्यात पुरतं, पण डॉक्टरला त्याचा उपयोग होत नाही. कारणानुसार पुढचा धोका फार वेगळा असतो, यावर आज कुणाचं दुमत नाही.

बीपी वाढून प्री-एक्लॅम्प्सिया झाला असेल, तर ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहांत एक आहे. म्हणजे सहांपैकी पाच जणींना होत नाही. पण पहिलं बाळ २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान काढावं लागलं असेल, तर हे प्रमाण तिनांत एकावर जातं. आजार जितका लवकर आला, तितका तो परतण्याचा संभव जास्त.

गरोदरपणात शुगर वाढली असेल, तर ती पुन्हा वाढण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३० पासून ८४ टक्क्यांपर्यंत आलं आहे. एवढा फरक पडतो, कारण वय, वजन, वंश आणि तपासणीची पद्धत सगळीकडे एक नाही. शिवाय या बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दहापट असतो. त्यामुळे बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत शुगरची तपासणी करावी असं सांगतात. ती बहुतेक घरांत राहून जाते, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं.

बाळ कमी दिवसांचं झालं असेल, तर पुढचंही लवकर होण्याचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट धरतात. वार अडकून किंवा पिशवी सैल पडून रक्तस्राव झाला असेल, तर पुढच्या वेळी रक्ताची सोय असलेलं रुग्णालय आधीच ठरवावं लागतं. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर पहिल्या बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, हा एक प्रश्न दुसऱ्या बाळाचं भवितव्य ठरवू शकतो.

शेवटची गोष्ट सर्वांत सर्रास: आधीचं सिझेरियन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होतं. आखातातल्या नोकरदाराची बायको माहेरच्या गावी बहुधा खासगी नर्सिंग होममध्येच नाव घालते. तेव्हा दुसऱ्या खेपेला यान्बूत येणाऱ्या कितीतरी जणींच्या पोटावर पहिल्याची खूण असणार.

पहिला वाद: अंतर किती ठेवावं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या तज्ज्ञ बैठकीने जिवंत बाळ झाल्यावर पुढचे दिवस राहण्याआधी किमान २४ महिने आणि गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबावं, अशी शिफारस केली. वर्षभरात आलेल्या एका मोठ्या संकलनात १८ महिन्यांपेक्षा कमी आणि पाच वर्षांपेक्षा जास्त, अशा दोन्ही टोकांना बाळाचे धोके वाढलेले दिसले.

याला आक्षेप आला तो पद्धतीवर. लवकर दुसरं मूल होणाऱ्या बायका अनेकदा गरीब, कमी वयाच्या आणि आधीच अशक्त असतात; मग दोष अंतराचा की परिस्थितीचा? २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ४०,४४१ मातांच्या अभ्यासात एकाच आईच्या दोन वेगवेगळ्या अंतरांची तुलना केली, तेव्हा कमी अंतराचा दोष बराच फिका पडला. स्कॉटलंडमध्ये २०१० साली उलटच दिसलं होतं: गर्भपातानंतर सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्यांचं जास्त थांबलेल्यांपेक्षा बरं निभावलं.

२०१८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासाने दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलं. अंतर फार कमी असेल, तर पस्तिशीच्या पुढे आईला धोका वाढतो आणि विशी-तिशीत तो जास्त करून बाळाला असतो. सिझेरियन झालेलीला मात्र थांबण्याचं वेगळं कारण आहे. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल आणि कळा देऊन नॉर्मलचा प्रयत्न केला, तर जुनी शिवण उसवण्याचा धोका वाढतो.

यान्बूत या वादात रियालही येतात. जुलै २०१७ पासून परदेशी कर्मचाऱ्याच्या प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल लागू झाले आणि दरवर्षी शंभराने वाढत जुलै २०२० मध्ये ते ४०० झाले. एका माणसामागे वर्षाला ४,८०० रियाल. त्यामुळे ‘एकाला दुसरं हवं’ म्हणणाऱ्या घरातही दुसरं कधी, हे करार किती वर्षांचा उरला यावर ठरतं. ‘नोकरी आहे तोवर उरकून घेऊ’ आणि ‘शरीर भरून येऊ दे’ या दोन्ही बाजू ऐकून घेण्यासारख्या आहेत. अंतराचा एकच आकडा सगळ्यांना लागू नाही, एवढं संशोधन आज सांगतं.

दुसरा वाद: छोटी गोळी

बीपीचा त्रास झालेलीला पुढच्या खेपेत कमी डोसचं ॲस्पिरिन द्यावं का, हा वाद चाळीस वर्षांचा आहे. १९८० च्या दशकातल्या छोट्या चाचण्यांनी मोठी आशा दाखवली. १९९४ मध्ये ९,३६४ बायकांच्या चाचणीत ६० मिलिग्रॅमच्या गोळीचा ठाम फायदा दिसला नाही आणि अनेकांनी तो विषय मिटवला. मग २०१७ मध्ये १,७७६ जास्त धोक्याच्या बायका निवडून, ११ ते १४ आठवड्यांदरम्यान सुरू करून, रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं. लवकर येणारा, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करायला लावणारा प्री-एक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला.

गोळी द्यावी, यावर आता बहुतेक एकमत आहे. डोसावर नाही. जागतिक आरोग्य संघटना ७५ मिलिग्रॅम सांगते, अमेरिकेत ८१ देतात, ब्रिटनमध्ये ७५ ते १५०. ३६ व्या आठवड्यात थांबवावी की शेवटपर्यंत चालू ठेवावी, यावरही दोन मतं आहेत. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी, यावर मात्र सगळे जोर देतात. वार गर्भाशयात रुजते ती याच सुमारास. रुजणं बिघडल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग कमी.

कॅल्शियमचा प्रश्न थोडा सुटत आला आहे. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्या बायकांना रोज दीड ते दोन ग्रॅम द्यावं, ही जुनी शिफारस. २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या, भारत आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० बायकांवर केलेल्या चाचण्यांत ५०० मिलिग्रॅमचा डोस प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यात मोठ्या डोसाच्या मागे पडला नाही. तीन गोळ्यांच्या जागी एक पुरत असेल, तर ती रोज घेतली जाण्याची शक्यता वाढते.

तिसरा वाद: पुन्हा सिझेरियन की नॉर्मल

एकदा सिझेरियन तर कायमचं सिझेरियन, हा दंडक १९१६ साली न्यू यॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांच्या नावाने रूढ झाला. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. तो पुढच्या कळांत फाटण्याची भीती खरी होती. पुढे खालच्या भागात आडवा छेद घेण्याची पद्धत आली आणि दंडक सैल झाला. आता योग्य निवड केली, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरांतल्या ६० ते ८० जणी नॉर्मल बाळंत होतात, आणि शिवण उसवण्याचं प्रमाण साधारण दोनशेत एक आहे.

नॉर्मलच्या बाजूचं म्हणणं असं की प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढचा धोका चढत जातो. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तर ती जुन्या शिवणीत घट्ट रुतून बसण्याची शक्यता दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी सुमारे ११ टक्के असते, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की दोनशेत एक हा आकडा लहान असला, तरी ती वेळ आली की बाळाच्या हातात काही मिनिटंच असतात. चोवीस तास भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि रक्त तयार नसेल, तर प्रयत्नच करू नये.

म्हणून हा वाद बराचसा जागेचा आहे. जे एका रुग्णालयात शहाणपणाचं, ते दुसरीकडे धाडसाचं ठरतं. शिवाय आधीचा छेद आडवा होता की उभा, हे बाहेरच्या खुणेवरून कळत नाही. पोटावरची खूण आडवी असली, तरी आतला छेद उभा असू शकतो. हे फक्त ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं.

चौथा वाद: टाका आणि हार्मोन

शिरोडकरांच्या टाक्याने किती बायकांच्या कुशी भरल्या हे मोजायचं, तर चाचणी हवी होती. ती १९९३ मध्ये १,२९२ बायकांवर पूर्ण झाली. साधारण २५ जणींना टाका घातला तर एकीचं बाळंतपण फार लवकर होणं टळतं. खरा फायदा दिसला तो तीन किंवा अधिक वेळा गर्भ गमावलेल्या किंवा लवकर बाळंत झालेल्या बायकांत. त्यामुळे एकदा लवकर झालं म्हणून लगेच टाका, की सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड किती लांब आहे हे पाहत राहून मग ठरवायचं, असे दोन मार्ग आज आहेत. कल दुसऱ्याकडे झुकतो आहे.

प्रोजेस्टेरॉनची कथा डॉक्टरांनाही नम्र करणारी आहे. दर आठवड्याच्या एका इंजेक्शनाने कमी दिवसांची बाळंतपणं कमी होतात, असं २००३ च्या चाचणीत दिसलं. २०११ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २०१९ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये परवानगी मागे घेतली गेली. गर्भाशयाचं तोंड आखूड असणाऱ्यांसाठी योनिमार्गातून द्यायच्या प्रोजेस्टेरॉनचा पुरावा मात्र टिकून आहे. आपल्याकडे सर्रास सांगितलेल्या सक्तीच्या झोपून राहण्याला असा आधार नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

मनाचा भाग

हा भाग संशोधनात उशिरा आला आणि घरात अजून पुरता आलेला नाही. बाळंतपणाच्या तीव्र भीतीला ‘टोकोफोबिया’ हे नाव २००० साली मिळालं. आधीच्या वाईट अनुभवातून येणारी भीती हा त्याचा वेगळा प्रकार मानतात. बाळंतपणानंतर मानसिक आघाताचा आजार साधारण शंभरांत चार जणींना होतो, पण गुंतागुंत झालेल्या आणि इतर जोखमीच्या गटांत १८-१९ जणींना, असं २०१७ च्या एका संकलनात आढळलं. ‘मूल धडधाकट आहे ना, मग विसर आता’ हे वाक्य इथे औषध ठरत नाही.

या भीतीवर काय चालतं, यावरचा पुरावा पातळ आहे. पहिल्या बाळंतपणात काय आणि का झालं हे कुणी तज्ज्ञाने नोंदी समोर ठेवून उलगडून सांगणं अनेकींना उपयोगी पडतं. पण बाळंतपणानंतर लगेच एकदाच बसून बोलून घेतल्याने आजार टळतो, असं ठामपणे दिसलेलं नाही.

यान्बू की गाव

गावी जाण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात: आई आहे, मोठ्या मुलाला सांभाळायला घर आहे, भाषा आपली आहे आणि पहिला डॉक्टर तोच आहे. यान्बूच्या बाजूने बोलणारे म्हणतात: नवरा जवळ आहे, तपासणी एकाच ठिकाणी सलग होते आणि आईला फॅमिली व्हिजिट व्हिसावर बोलावता येतं. डिंकाचे लाडू तिच्या बॅगेतून येतातच.

काही गोष्टी मात्र मतावर अवलंबून नाहीत. गुंतागुंत नसलेल्या गरोदर बाईलाही बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर नेत नाहीत. जुळं असेल तर हद्द आणखी अलीकडे. यान्बूहून मदिना दोनशे किलोमीटरहून थोडी जास्त दूर आहे आणि जेद्दा तीनशेहून जास्त. तेव्हा ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ सांभाळण्याची सोय आपल्या रुग्णालयात आहे का, नसेल तर कुठे पाठवतात, हे आधीच विचारून ठेवावं लागतं. विम्यात बाळंतपणाच्या खर्चाला मर्यादा असते. ती किती आणि बाळ पेटीत राहिलं तर खर्च कुणाचा, हेही. रुग्णवाहिकेसाठी ९९७ हा फोन नंबर. २०१८ च्या जूनपासून बायकांना गाडी चालवता येते, म्हणून कारखान्याच्या शटडाउनमध्ये अडकलेल्या नवऱ्याची वाट पाहणं आता अटळ राहिलेलं नाही. रमजानच्या रोज्यांबाबत, आई-बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर गरोदर बाईला सूट आहे. शुगरचा इतिहास असलेलीने रोजा धरण्याआधी डॉक्टरशी बोलावं.

कुठे येऊन पोचलो

कारण पाहून धोका ठरतो, आणि पहिली खेप अवघड गेली म्हणजे दुसरी तशीच जाते असं नाही, हे आता पक्कं आहे. ॲस्पिरिनचा उपयोग, फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू करणं आणि दोन खेपांच्या मध्ये वजन-शुगर-बीपी ताळ्यावर आणणं, हेही पक्कं आहे. स्वीडनमधल्या दीड लाख बायकांच्या अभ्यासात दोन खेपांच्या मध्ये वजन जसं वाढलं, तसा बीपीचा आणि शुगरचा धोकाही वाढलेला २००६ मध्येच दिसला होता.

नेमकं अंतर, गोळीचा डोस, टाका कुणाला आणि भीतीवर कोणता उपाय, एवढं अजून मोकळं आहे. आणखी एक उणीव राहते. वर सांगितलेल्या बहुतेक अभ्यासांतली बाई दोन्ही वेळा एकाच देशात, एकाच नोंदवहीत असते. पहिल्याला कोकणात आणि दुसऱ्याला तांबड्या समुद्राकाठी बाळंत होणारी बाई त्या तक्त्यांत सहसा सापडत नाही.

तिच्यापुरती ही उणीव घरीच भरून काढता येते. यान्बूत राहणारं घर वर्षाच्या सुट्टीच्या हिशेबाने चालतं: पुढच्या सुट्टीत गावी गेलो की फाइल आणू, डॉक्टरांना भेटू. पण गर्भ सुट्टीची वाट पाहत नाही आणि गोळीची वेळ सोळाव्या आठवड्याआधीच निघून जाते. म्हणून दुसऱ्याचा नुसता विचार मनात आला, तरी माहेरी फोन करून कपाटातली फाइल काढायला सांगावी. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, बाळाचं वजन आणि आठवडे, रक्तगट आणि अँटी-डीची तारीख, या पानांचे फोटो मोबाइलवर मागवून ठेवावेत. पहिल्याच तपासणीला ते डॉक्टरसमोर ठेवावेत.